उकिडवे बसता येणारा पाय

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. आपल्या माजी विद्यार्थ्यांत प्राध्यापक आहेत, तहसीलदार आहेत, बँकेत अधिकारी झालेले आहेत. मी कृत्रिम पाय बनवतो. प्लास्टर, प्लास्टिकचे पाइप, रबर आणि पाना-स्क्रू यांतच माझी वीस-एकवीस वर्षे गेली. अशा कामाविषयी स्मरणिकेत काय लिहायचे? दोन-तीन दिवस विचार करीत राहिलो आणि मग ध्यानात आले की, या कामाची सुरुवात कोणत्याही महाविद्यालयात झाली नव्हती. ती आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात, सकाळच्या वंदनेच्या वेळी, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका माणसापासून झाली. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

पुण्या-मुंबईत मी बेलापूरच्या शाळेत शिकलो असे सांगितले की ऐकणारा लगेच नवी मुंबईत पोहोचतो. आपले बेलापूर प्रवराकाठचे, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते. त्यात आणखी एक गंमत अशी की, आमच्या वेळी रेल्वे स्थानकाच्या पाटीवर 'बेलापूर' लिहिलेले असे, पण ते स्थानक श्रीरामपुरात. दौंड-मनमाड मार्गाने प्रथमच येणारा पालक बेलापूरला उतरूनही बेलापूरला पोहोचलेला नसे. आमचे आबा मात्र कधी चुकले नाहीत, कारण ते रेल्वेने येतच नसत. ते बैलांच्या टायरगाडीने येत.

आमचे मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. तिकडे पाऊस बेभरवशाचा. इकडे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि काळ्या मातीत ऊस उभा राहिला. हरेगावचा 'बेलापूर कंपनी' म्हणून ओळखला जाणारा साखर कारखाना, पुढे प्रवरानगरचा सहकारी कारखाना आणि त्यांच्या मागोमाग आलेले इतर कारखाने, या सगळ्यांना ऊस तोडणारे हात हवे होते. ते हात आमच्यासारख्या कोरडवाहू गावांतून येत. दिवाळी झाली की आई-आबा मुकादमाची उचल घेऊन निघत आणि पाडव्याच्या आगेमागे परतत. मुले बरोबर नेली तर शाळा बुडते आणि मागे ठेवली तर सांभाळणारे कोणी नाही. आपल्या शाळेने वसतिगृहात घेतले म्हणून माझा प्रश्न सुटला. माझ्या धाकट्या बहिणीचा सुटला नाही, ती कोपीवरच वाढली. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९९५ सालच्या जानेवारीत, मी सहावीत असताना, उसाने भरलेली गाडी पाटाच्या पुलाचा चढ चढत होती. एका बैलाचा पाय घसरला, गाडी मागे आली आणि चाक आबांच्या डाव्या पावलावरून गेले. पाऊल वाचवण्याचा प्रयत्न झाला, पण जखम चिघळली आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. गुडघा वाचला, हे किती मोठे भाग्य होते, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. गुडघा शाबूत असलेला माणूस आणि गुडघा गमावलेला माणूस यांच्या चालण्यात, चालताना लागणाऱ्या दमात, फार मोठे अंतर असते. तेव्हा आम्हाला एवढेच कळले की त्या हंगामाची उचल फिटलेली नाही.

काही महिन्यांनी एका शिबिरात आबांना पाय मिळाला. वरून मांसाच्या रंगाचा, खाली काळा बूट चढवलेला. घरातल्यांना फार आनंद झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आबा मला सोडायला आले, तेच तो पाय घालून. मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेसाठी सगळे सभागृहात जमले. मुले सतरंजीवर, मागे आलेले पालक सतरंजीवर, गुरुजीही सतरंजीवर. आबा मात्र दाराजवळच्या भिंतीला टेकून उभे. गुरुजींनी खुणेने बसायला सांगितले. आबांनी हात जोडले आणि मान हलवली. मग कोणीतरी धावत जाऊन कार्यालयातली लोखंडी खुर्ची आणली. समोर तथागतांची मूर्ती, सगळी मंडळी खाली बसलेली, आणि आपण खुर्चीवर बसायचे, हे त्यांना पटेना. त्रिसरण, पंचशील, सगळी वंदना संपेपर्यंत ते उभेच राहिले. शेजारच्या मुलाने मला विचारले, "तुझे आबा बसत का नाहीत?" मी म्हणालो, "त्यांना गाडी पकडायची आहे."

हे खोटे मी का बोललो, ते आज नेमके सांगता येणार नाही. वर्गात कोणाला आबांच्या पायाविषयी ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक होऊ नये असे मला वाटत होते, एवढे खरे. दुपारी निघताना आबा फाटकापाशी म्हणाले, "पोरा, हा पाय उभं ऱ्हायला चांगलाय. बसायला नाय." त्या एका वाक्यात त्या पायाची संपूर्ण तपासणी होती. पुढे मी त्या पायाविषयी जाड जाड इंग्रजी पुस्तकांतून जे वाचले, त्यात याहून फार वेगळे काही नव्हते.

तो पाय कसा होता, हे थोडे सविस्तर सांगतो. त्याला आमच्या व्यवसायात 'सॅच' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हजारो सैनिकांना पायांची गरज होती आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभियंत्यांनी १९५०च्या दशकात हा पाय विकसित केला. आत लाकडाचा कडक कणा, टाचेत मऊ रबराची पाचर आणि घोटा पूर्ण ताठ. टाच जमिनीवर पडली की पाचर दबते आणि पाऊल खाली टेकल्याचा आभास होतो. यात फिरणारा सांधा नाही, बिजागरी नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. फरसबंद रस्त्यावर बूट घालून चालणाऱ्या, खुर्चीवर बसून जेवणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या माणसासाठी हा पाय उत्तम होता, आणि म्हणून तो जगभर गेला. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. ज्यांनी तो बनवला त्यांनी आपल्याकडचा माणूस कधी जमिनीवर बसलेला पाहिलेला नव्हता, इतकेच.

आता आपला स्वतःचा घोटा पाहा. वाचताना बसल्या जागी पाऊल वर-खाली करून पाहा. चालताना टाच प्रथम टेकते आणि चवडा हळूहळू खाली येतो. मग पाऊल जमिनीवर स्थिर राहते आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकत जाते. या वेळी पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची जाड शीर ताणली जाते. अखेरीस टाच उचलली जाते आणि तो साठलेला ताण सुटून पाऊल जमिनीला मागे रेटते. या रेट्यावर आपण पुढे जातो. एका पायाच्या एका आवर्तनातील साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. शिवाय घोट्याच्या खालचा सांधा पावलाला आत-बाहेर कलू देतो, म्हणून बांधावरून, ढेकळांवरून, नदीतल्या गोट्यांवरून आपण न पडता जातो. सपाट रस्त्यावर चालताना घोटा फार वाकत नाही. पण टाच न उचलता उकिडवे बसायचे, तर नडगी पावलावर चांगली तीस अंशांहून अधिक झुकावी लागते. ताठ घोट्याच्या पायाने बसायला गेलेला माणूस मागे कलंडतो. मांडी घालायला गेला तर बूट आणि कडक कणा जमिनीवर अडतो आणि वरचे सॉकेट उरलेल्या पायाला पिळते. आबा सभागृहात का बसले नाहीत, त्याचे हे शास्त्रीय उत्तर.

पण बसणे म्हणजे केवळ वंदनेला बसणे नव्हे. आमच्याकडचा माणूस दिवसातला किती वेळ उकिडवा असतो! खुरपताना, चुलीपुढे, गाईची धार काढताना, बिडी ओढत गप्पा मारताना आणि सकाळी पांदीला गेल्यावर. आबांना त्या पायाने यांतले काहीच जमत नव्हते. बूट काढला तर पाय आखूड होई. बूट घातला तर चिखलात रुतून बसे. दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरायचे कसे, हाही प्रश्न होताच. शेवटी तो पाय खुंटीला टांगला गेला. लग्नाकार्याला तेवढा घालत. एरवी काठी. आई म्हणायची, "पाय मिळाला, पण घोटा नाय मिळाला."

नेमकी हीच गोष्ट जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात तीस वर्षे आधी आली होती. पाय दिलेले रुग्ण पुन्हा कुबड्या घेऊन येतात आणि पाय घरी पडून राहतात, हे त्यांनी पाहिले. त्यांच्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण फारसे नाही, पण हातात पिढीजात कला. सायकल पंक्चर झाली म्हणून दुकानात थांबले असता ट्रकचा टायर रिमोल्ड होताना पाहून त्यांना रबराच्या पावलाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९६८च्या सुमारास सर्जन आणि कारागीर यांनी मिळून जो पाय तयार केला, तो 'जयपूर फूट'. सेठींना १९८१ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. शिकलेल्याचे नाव पुढे आणि हातांनी करणाऱ्याचे मागे, हा आपला जुना रिवाज. आपल्या शाळेतल्या मुलांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या पावलात टाचेला आणि चवड्याला स्पंजासारखे मायक्रोसेल्युलर रबर असते. मधुमेहाच्या रुग्णांसाठी दुकानात 'एमसीआर चप्पल' मिळते, तेच. घोट्याशी लाकडाचा ठोकळा आणि त्यात वरच्या नळीला जोडणारा बोल्ट. हे तिन्ही भाग टायरमध्ये वापरतात तशा नायलॉनच्या दोऱ्यांनी आणि रबराच्या पट्ट्यांनी गुंडाळून साच्यात घालतात आणि तापवतात. बाहेर येते ते बोटे असलेले, सावळे, पाण्यात न भिजणारे पाऊल. आत टाचेपासून चवड्यापर्यंत जाणारा कडक कणा नाही, म्हणून ते सगळ्या दिशांना थोडे थोडे वाकते. बूट लागत नाही. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय मोफत वाटला जाऊ लागला.

वसतिगृहात आम्ही टीव्हीवर 'नाचे मयूरी' पाहिला होता. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन १९८४ साली जयपूर फूट घालून मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ती हकिकत. मुले टाळ्या वाजवत होती आणि मी हिशेब करीत होतो. नाचता येत असेल, तर बसताही येत असेल! सुट्टीत घरी गेल्यावर आबांना सांगितले. ते म्हणाले, "नाचायचं कुणाला?" तरी पुढल्या वर्षी एका शिबिरात ते गेले, आणि तिसऱ्या दिवशी नवा पाय घालून परत आले. घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? धोतर सावरले, अंगणात उकिडवे बसले आणि बिडी पेटवली. आई चुलीपासून उठून दारात आली आणि नुसती बघत राहिली. बिडी संपेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

दहावीनंतर मला काय व्हायचे आहे, असे गुरुजींनी विचारले, तेव्हा मी पाय बनवणारा व्हायचे आहे असे सांगितले. ते हसले नाहीत. असे शिक्षण कोठे मिळते, याची त्यांनी पत्रे पाठवून चौकशी केली. अशा रीतीने मी मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत दाखल झालो. १९५५ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आणि आत देशभरातून आलेले, पोलिओचे, अपघाताचे, मधुमेहाचे रुग्ण. शिकत असतानाच पुण्याच्या वानवडीतील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्रही पाहिले. १९४४ साली, महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी ते सुरू झाले. तिथे एक तरुण जवान कार्बनच्या पात्यावर अक्षरशः उड्या मारत होता. मी थक्क झालो.

ते पातेही एका पाय गमावलेल्या माणसाच्या हट्टातून आले आहे. व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाचा पाय १९७६ साली बोटीच्या अपघातात गेला. मिळालेल्या ताठ पायाने तो समाधानी नव्हता. त्याने कार्बन तंतूंचे वाकदार पाते बनवले. शरीराचा भार पडला की ते धनुष्यासारखे वाकते आणि सुटताना पुढे ढकलते. तिकडे गिर्यारोहणात दोन्ही पाय हिमदंशाने गमावलेल्या ह्यू हेर यांनी त्याच्याही पुढे जाऊन मोटर आणि बॅटरी असलेला घोटा तयार केला. तो पोटरीच्या स्नायूप्रमाणे स्वतःच्या शक्तीने रेटा देतो. हे सगळे वाचून माझे डोके गरम झाले. जयपूर फूट जड आहे, हाताने बनत असल्याने प्रत्येक नग थोडा वेगळा होतो आणि तो पुढे ढकलत नाही, हे त्याचे दोष मला दिसू लागले. दिसले ते चुकीचे नव्हते. मला वाटू लागले की, मी याहून चांगला घोटा बनवू शकेन.

नोकरी लागल्यावर चार-पाच वर्षांनी मी तो बनवलाही. टाचेतल्या स्पंज रबराऐवजी पॉलियुरेथेनचे दोन थर, वरचा मऊ आणि खालचा त्याहून किंचित घट्ट, आणि चवड्यात एक पातळ लवचीक पट्टी. कार्यशाळेतल्या गुळगुळीत फरशीवर त्याची चाचणी घेतली. चाचणीला माणूस कोण? अर्थात आबा. ते चालले, आणि माझ्या सहकाऱ्यांना कोणता पाय खोटा आहे ते ओळखता येईना. मी मोबाइलवर चित्रीकरण केले. नव्या पायासह आबांना गावी पाठवले आणि त्या रात्री एखाद्या शोधकर्त्यासारखा झोपलो.

अकराव्या दिवशी बहिणीचा फोन आला. घासाचा भारा डोक्यावर घेऊन आबा पाटाच्या भरावावरून खाली उतरत होते. गुडघा अचानक पुढे गेला, ते तोंडावर पडले आणि उजवे मनगट मोडले.

दोष माझा होता, आणि तो नेमका कोठे होता हे शोधायला मला वेळ लागला नाही. कबूल करायला मात्र लागला. उतारावर नडगी पावलावरून वेगाने पुढे झुकते. त्या क्षणी घोट्याने तिला विरोध करायला हवा. आपला स्नायू तो करतो. माझा घोटा मऊ होता, त्याने विरोध केलाच नाही, आणि गुडघ्याखालची जमीन जणू निघून गेली. फरशीवर हे दिसले नाही, कारण फरशीला उतार नव्हता. दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. मी घोट्याचा घट्टपणा आबांच्या वजनावरून ठरवला होता. काट्यावर ते ५८ किलो भरत. कार्बनची पातीही वजनाच्या गटाप्रमाणे निवडतात, तीच पद्धत मी उचलली. पण डोक्यावर भारा घेतल्यावर तोच माणूस ऐंशी किलोंच्या पुढे जातो. पुस्तकातला माणूस डोक्यावर काही वाहत नाही. माझ्या बापाने आयुष्यभर मोळ्या वाहिल्या आणि मी, त्याचा मुलगा, ते विसरलो होतो.

आबा मला काही बोलले नाहीत. प्लास्टर घातलेल्या हाताने त्यांनी जुना जयपूर फूट मागून घेतला आणि चढवला. माझा पाय त्यांनी फेकला नाही, पेटीत ठेवला. फेकला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसांत मी गुरुजींना भेटायला बेलापूरला आलो होतो. ते सेवानिवृत्त होऊन शाळेच्या मागच्या खोलीत राहत. सगळे ऐकून त्यांनी मला सोण कोळिविसाची आठवण करून दिली. ही कथा त्यांनी आम्हाला सातवीत सांगितली होती. धनिकाघरचा, अत्यंत कोमल पायांचा सोण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले. तरी काही साधेना, म्हणून तो निराश झाला. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेविषयी विचारले: तारा फार ताणल्या तर वाजते का, फार सैल सोडल्या तर वाजते का? शाळेत आम्हाला ही कथा अभ्यासाच्या संदर्भात सांगितली होती, म्हणजे फार घोकू नका आणि फार खेळूही नका. आता ऐकताना मला त्यातले वेगळेच काही ऐकू आले. तथागत तारेच्या ताणावर थांबले नाहीत. विनयात पुढे असे येते की, त्यांनी सोणाला पायांत वहाणा घालण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको. तेव्हा ती सर्व भिक्षूंना मिळाली. गुरुजी एवढेच म्हणाले, "तुझ्या आबांना जमणारा पाय आणखी किती जणांना जमेल, ते बघ."

मग मी कार्यशाळेतून बाहेर पडलो. दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी तोडीवर, बाजारात, वीटभट्टीवर कृत्रिम पाय वापरणारी माणसे कशी वावरतात ते वहीत टिपत राहिलो. दिवसातून किती वेळा खाली बसतात, किती ओझे घेतात, पाऊल कोणत्या बाजूने झिजते. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेला झिजलेली असे, कारण बांध नेहमी एका बाजूला कललेला असतो. एका बाईने मला सांगितले की तिला पायाची अडचण शेतात नाही, घरात आहे. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर रबर सरकते. हे मला कोणत्या पुस्तकात सापडले असते?

पेच असा होता. उकिडवे बसताना घोटा खूप वाकायला हवा आणि उतारावर ओझे घेऊन उतरताना तो वाकता कामा नये. दोन्ही वेळी भार मोठाच. फरक कोठे आहे? फरक वेगात आहे. माणूस हळू बसतो, दोन्ही पायांवर भार वाटून बसतो. पाऊल मात्र अर्ध्या-पाऊण सेकंदात पडते आणि उचलले जाते. रबराच्या काही जाती अशा आहेत की त्या हळू दाबल्या तर दबतात आणि झटक्याने दाबल्या तर अधिक ताठ वागतात. हा फरक फार मोठा नसतो, पण त्यावर थर रचता येतात. शेवटी एक कठीण अडसर घालून घोट्याला मर्यादाही घालता येते. या रीतीने मी पुढचे नमुने बनवले. आता ते आबांना देण्याआधी यंत्रावर जातात. पावलाच्या मान्य चाचणीत टाच आणि चवडा यांवर आळीपाळीने वीस लाख वेळा भार टाकतात. ते यंत्र माझे नाही, ते भाड्याने मिळते, आणि दिवसरात्र त्याचा खटखटाट चालू असताना मी शेजारी बसून भाड्याचा हिशेब करतो. तिसरा नमुना नऊ लाखांवर फाटला. चौथा टिकला.

तरी एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती मला फार उशिरा कळली. ज्या पायाने आबा तीस वर्षांच्या आसपास चालले, तो वाकतो, बसू देतो, चिखलात जातो, पण रेटा फारसा देत नाही. जो रेटा डाव्या पायाने द्यायचा, त्याची भरपाई उजवा पाय करतो. प्रत्येक पावलाला शरीराचा भार थोडा जास्त जोरात उजव्या गुडघ्यावर आदळतो. एका दिवसात ते जाणवत नाही. आबांच्या उजव्या गुडघ्याची कूर्चा आता झिजली आहे. डॉक्टरांनी छायाचित्र उजेडापुढे धरून मला दाखवले, तेव्हा मला त्यात हजारो पावले दिसली. रेटा देणारा घोटा ही श्रीमंतांची चैन आहे, असे मी पूर्वी शिबिरांत बोलत असे. आता बोलत नाही. सध्या जो पाचवा नमुना चालू आहे, त्यात चवड्याखालची पट्टी मी बदलली आहे. ती पुण्यातल्या एका लहान कारखान्यात काचतंतूंपासून बनते. कार्बनपेक्षा जड, पण परवडणारी. पाय जमिनीवरून सुटताना ती थोडे ढकलते. किती ढकलते, ते मोजणे अजून चालू आहे.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला आबांना घेऊन आलो होतो. सभागृह तेच, सतरंज्या नव्या. आबा दाराजवळ थांबले. मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहत होतो, सवयीने. ते म्हणाले, "तो नाय रे, उजवा." कोणीतरी खुर्ची आणली. या वेळी त्यांनी ती घेतली, पण मागे भिंतीशी नेऊन ठेवायला लावली, आणि मला म्हणाले, "तू बस खाली." मी बसलो. माझ्या शेजारी सहावी-सातवीतला एक मुलगा होता. त्याने वळून आबांकडे पाहिले आणि मला विचारले, "ते खाली का बसत नाहीत?"

मी त्याला सांगितले. वंदना सुरू व्हायला वेळ होता, म्हणून घोट्यापासून सुरुवात केली.